वाचनालयात इतिहासकाराचं प्रदर्शन मांडताना: फ्लेक्स सगळ्यात शेवटी

दिवाळी झाली की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या कुठल्या ना कुठल्या वाचनालयातून निरोप येतो: "प्रदर्शन ठरलंय, फ्लेक्स छापून आलेत, एकदा नजर घालून जा." जाऊन बघावं तर बारा फ्लेक्स, प्रत्येकावर 'थोर', 'व्यासंगी', 'ऋषितुल्य', मधोमध एकच फोटो मोठा-लहान करून लावलेला, आणि खरी जुनी पुस्तकं कपाटात कुलूपबंद. लोक दहा मिनिटांत फिरून चहाकडे वळतात.

चूक मेहनतीत नसते, क्रमात असते. म्हणून इथे क्रमच सांगतो. उदाहरण म्हणून रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई (१८६५–१९५९) घेतले आहेत. दुसरा लेखक-इतिहासकार निवडलात तरी पायऱ्या याच राहतील.

१. आधी एक वाक्य लिहा

लेखणीचा माणूस इतिहासकार कसा झाला, हे प्रदर्शनात दिसलं पाहिजे. जन्म, शिक्षण, ग्रंथ, सन्मान, निधन या क्रमाने लावलेल्या पाट्यांत ते दिसत नाही. म्हणून समितीच्या पहिल्या बैठकीत एकच वाक्य कागदावर उतरवा. सरदेसाईंसाठी मी असं लिहीन: "राजपुत्रांना इतिहास शिकवण्यासाठी काढलेल्या टिपणांपासून एक माणूस पेशवे दफ्तराच्या रुमालांपर्यंत कसा पोचला." (पेशवे दफ्तर म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या कागदांचा संग्रह, आणि रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा.)

या वाक्यातून चार जागा आपोआप निघतात. पहिली बडोद्याची. १८८९ मध्ये ते सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत गेले. वाचून दाखवणं, शिकवणं, भाषांतरं करणं हे काम. मॅकिआव्हेलीच्या 'द प्रिन्स'चं मराठी भाषांतर याच काळातलं. दुसरी जागा रियासतींची, म्हणजे त्यांच्या इतिहासग्रंथांची: १८९८ मध्ये 'मुसलमानी रियासत', १९०२ पासून 'मराठी रियासत'. तिसरी पुण्याच्या पेशवे दफ्तराची. तिथल्या हजारो रुमालांतून निवडलेले कागद १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ४५ भागांत छापून निघाले. चौथी जागा १९४६ ते १९४८ मध्ये आलेल्या तीन खंडांच्या इंग्रजी मराठा इतिहासाची. पहिला खंड आला तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती.

चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या वाचनालयांनी वासुदेवशास्त्री खऱ्यांचा (१८५८–१९२४) विचार जरूर करावा. कवी, नाटककार, मिरजेच्या शाळेतले संस्कृतचे शिक्षक. पटवर्धन संस्थानिकांच्या दफ्तरात शिरले आणि 'ऐतिहासिक लेखसंग्रह' उभा केला. मिरज तुम्हाला जवळ आहे, आणि पटवर्धनी कारभाराच्या खुणा आपल्या भागात अजून आहेत. बेळगावचं शहापूरच पटवर्धनांच्या सांगली संस्थानात होतं. ओळखीचं गाव कागदात सापडलं की बघणारा थांबतो.

*तपासा:* तुमच्या वाक्यात 'महान', 'थोर', 'अजोड' यांपैकी एखादा शब्द आला का? आला असेल तर वाक्य अजून तयार नाही.

२. मोसम आणि खोली

पावसाळ्यात जुना कागद बाहेर काढू नका. खानापूरकडे तर जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल धरतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने योग्य. तयारीला किमान दहा आठवडे हवेत, म्हणजे गणपती विसर्जनानंतर लगेच कामाला लागा.

खोली निवडताना भिंतीला तळहात लावून बघा. गार आणि दमट लागली तर तिथे कपाट टेकवायचं नाही, अर्धा फूट पुढे ठेवायचं. खिडकीतून ऊन कुठवर येतं ते सकाळी दहाला आणि दुपारी चारला पाहून जमिनीवर खडूने रेघ मारा. रेघेच्या आत मूळ कागद ठेवायचा नाही. वाळवीच्या मातकट नळ्या चौकटीत, कपाटामागे, पंख्याच्या पेटीत शोधा. नवीन प्लायवूडचं शोकेस केलं असेल तर रंग-फेव्हिकोलचा वास पूर्ण जाईपर्यंत, निदान तीन आठवडे, उघडं ठेवा; त्या वाफा बंद काचेत कागदाला बाधतात.

३. वस्तू गोळा करणं

आता मजकूर लिहायचा मोह होईल. आवरा. आधी काय दाखवायला मिळतंय ते बघा. मजकूर त्यावरून ठरेल.

पहिली यादी वाचनालयाच्या स्वतःच्या कपाटातली. जुन्या वाचनालयांत रियासतीचे सुटे भाग, दफ्तराचे खंड, जुन्या मासिकांचे बांधीव अंक निघतातच. आतल्या पानावरचा शिक्का, दाखल क्रमांक, पुस्तक नेल्याच्या तारखांची चिठ्ठी यांना कमी लेखू नका. तुमच्या गावात हा ग्रंथ कोणत्या साली आला आणि कितीदा वाचला गेला, हे त्या चिठ्ठीइतकं दुसरं काही सांगत नाही. मी तर ती चिठ्ठीच शोकेसमध्ये ठेवायला लावतो. वाचकांची नावं मात्र कागदाच्या पट्टीने झाका.

दुसरी यादी घरांतली. सीमाभागात अजून पुष्कळ घरांत मोडी कागद आहेत: खरेदीखतं, हिशेबाच्या वह्या, एखादी सनद, कापडात बांधलेला एखादा अख्खा रुमाल. इतिहासकाराने आयुष्यभर हाताळला तो माल असाच होता, हे दाखवायला एक घरगुती रुमाल पुरतो. कागद मागायला गावातलं जुनं माणूस बरोबर घेऊन जा, आणि पहिल्या भेटीत कागद घेऊन येऊ नका. बघा, फोटो काढा, परत बांधून द्या. घरात बोलणं होऊ द्या. दुसऱ्या खेपेला घ्या.

घेताना ताबापावती दोन प्रतींत करा. तीत हे असावं: काय घेतलं, किती पानं, कुठे फाटलंय, कुठे कसर लागलीय, प्रत्येक पानाचा फोटो काढल्याची नोंद, परतीची तारीख, दोघांच्या सह्या. "आपल्यातच आहे, पावती कशाला?" असं दोन्हीकडून म्हटलं जाईल. तरी करा. सहा महिन्यांनी घरातला धाकटा भाऊ विचारायला येतो तेव्हा ही पावतीच समितीची लाज राखते.

*सावधान:* जमिनीचे, वाटणीचे कागद असतील तर घरातल्या सगळ्या हिस्सेदारांना माहीत आहे ना, हे विचारा. चालू वादातला कागद कितीही सुंदर असला तरी नको.

४. कागद हातात घेण्यापूर्वी

हात साबणाने धुवून पूर्ण कोरडे करा. टेबलावर पाणी, चहा, शाईचं पेन नको, टिपणं पेन्सिलीने. घडी घातलेला कागद जोराने उलगडायचा नाही. सेलोटेप, स्टेपल, रबरबँड, फेव्हिकोल यांपैकी काहीही लावायचं नाही. फाटलेलं असेल तर फाटलेलंच दाखवा.

आणि लॅमिनेशन कधीही नाही. एका गावात एका घराने मोठ्या प्रेमाने पत्र दिलं. आम्ही पावती केली, फोटो मात्र "उद्या काढू" म्हणून राहिले. दरम्यान घरातल्याच मुलाने, प्रदर्शनात नीट दिसावं म्हणून, ते झेरॉक्सच्या दुकानातून लॅमिनेट करून आणलं. उष्णतेने कागदाचा जुना, मऊ, कापडासारखा पोत गेला. कडेला तीन ओळींवर बुडबुडे आले आणि त्यांखालची अक्षरं प्लास्टिकला चिकटून कागदापासून सुटली. त्या तीन ओळी आता कोणालाच वाचता येत नाहीत. मुलाचा काय दोष? आम्ही सांगायला हवं होतं, फोटो त्याच दिवशी काढायला हवे होते. तेव्हापासून पावतीच्या पहिल्याच ओळीत मोठ्या अक्षरांत लिहितो: "लॅमिनेट करू नये."

आच्छादन हवंच असेल तर पारदर्शक पॉलिएस्टरची पिशवी, दोन बाजूंनी उघडी. बाजारातल्या वासाच्या, चिकट पीव्हीसी पिशव्या चालत नाहीत.

शाई ओळखा, कारण जपणूक तिच्यावर आहे. जुन्या मोडी कागदांतली काजळीची शाई उजेडाने फारशी विटत नाही, पण ओल्या बोटाने पुसली जाते. विसाव्या शतकातली निळी फाउंटन पेनची शाई याच्या उलट: उजेडात महिन्या-दोन महिन्यांत फिकी पडते. म्हणून मोडी कागद आर्द्रतेपासून जपा आणि निळ्या शाईचं पत्र उजेडापासून. निळ्या शाईच्या पत्राची चांगली रंगीत प्रत लावून मूळ पत्र पेटीतच ठेवलंत तर उत्तम. पाटीवर 'प्रत' असं स्पष्ट लिहा.

५. वाचन आणि तारखा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि छापून भिंतीवर चढतात, म्हणून इथे घाई नको.

मोडी वाचून घ्या, पण एकाच माणसाकडून नको. दोघांनी स्वतंत्र वाचावं, मग दोन्ही वाचनं शेजारी ठेवून तफावत पेन्सिलीने अधोरेखित करावी. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, शब्द तोडलेले नसतात. गावांची आणि माणसांची नावं चुकतात ती त्यामुळे. लागत नसलेला शब्द अंदाजाने भरू नका, तिथे टिंबं द्या. छापील खंडांत संपादकांनी तेच केलेलं दिसेल.

आता तारीख. जुन्या पत्रात तीन-चार गणना एकत्र येतात.

शक: साधारण ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे सगळ्यांना पाठ असतं आणि तिथेच घात होतो. पानिपतची लढाई पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ ची. १६८२ अधिक ७८ म्हणजे १७६०. पण लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला. पौषाचा काही भाग, माघ आणि फाल्गुन हे इंग्रजी वर्ष बदलल्यानंतर येतात. त्या वेळी ७९ मिळवायचे. 'पानिपत, १७६०' असं मी एका पाटीवर स्वतः तपासून पुढे पाठवलं होतं. चौथीतल्या एका मुलीने ते दाखवून दिलं.

शुहूर सन: हा अरबी शब्दांत लिहिलेला असतो आणि एकम आधी येतो. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: ११६१. हे वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुमारास सुरू होतं. जून ते डिसेंबरमधल्या पत्राला ५९९ मिळवा, जानेवारी ते मेमधल्याला ६००. ११६१ वरून १७६० किंवा १७६१ येईल. कोणतं, ते महिन्यावरून ठरेल.

फसली: हा महसुली सन. आपल्याकडच्या फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवा, त्याच मृगाच्या हिशेबाने. गावच्या जमिनीच्या कागदांत ही जास्त भेटते.

तारखेआधी 'छ' दिसला तर तो चंद्राचा, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख. 'छ १० रजब' म्हणजे रजबची दहावी. तिला हिंदू तिथी समजून पंचांगात शोधत बसू नका.

*तपासा:* प्रत्येक तारखेपुढे मूळ गणना आणि इसवी सन दोन्ही लिहिलेत का? नुसता इसवी सन लिहिला तर चूक झाल्यास ती पुढच्याला पकडता येत नाही.

गावांच्या नावांचंही तेच. कागदात 'बेळगाव' असेल तर पाटीवर उताऱ्यात 'बेळगाव'च. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी आहे. ते पत्त्यात वापरा, जुन्या उताऱ्यात घुसवू नका. सीमाप्रश्नावर प्रत्येकाचं मन आहे, माझंही आहे. पण अठराव्या शतकातल्या पत्राला आजच्या घोषणेचा साक्षीदार करणं इतिहासकाराच्या कामाशी बेइमानी ठरते. उतारा अर्धा तोडून आपल्या सोयीचा करू नका.

६. हक्क

थोडक्यात. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. सरदेसाई १९५९ मध्ये गेले. त्यांच्या हयातीत छापलेलं त्यांचं लेखन २०१९ च्या अखेरीस मुक्त झालं. वासुदेवशास्त्री खरे, इतिहासकार वि. का. राजवाडे यांचं कधीच झालं आहे. मात्र नव्या आवृत्तीतली दुसऱ्याची प्रस्तावना, टिपा, मुखपृष्ठ यांचा हक्क वेगळा. मरणोत्तर छापलेल्या पत्रांना छापल्यापासून ६० वर्षं मोजतात. आणि पत्र ज्याच्या घरात आहे तो कागदाचा मालक, मजकुराचा असेलच असं नाही. इंटरनेटवरून उचललेला फोटो कोणाचा आहे हे कळत नसेल तर तो सोडा. त्याऐवजी ग्रंथाच्या पहिल्या पानाचा स्वतः काढलेला फोटो लावा.

७. पाट्या लिहिणं

आता लिहायला बसा. प्रत्येक वस्तूला एक पाटी, चाळीस ते साठ शब्द. पहिल्या वाक्यात समोर काय आहे, दुसऱ्यात इथे कुठे बघावं, तिसऱ्यात त्याचा तुमच्या मूळ वाक्याशी संबंध.

नको अशी पाटी: "रियासतकारांच्या प्रचंड व्यासंगाची साक्ष देणारा हा अमूल्य ग्रंथ."

हवी अशी: "पेशवे दफ्तराचा एक भाग, छापील. डावीकडच्या पानावर पत्राच्या डोक्यावर क्रमांक आणि तारीख आहे. ती संपादकाने लावलेली. हजारो मोडी कागदांतून एक निवडायचा, वाचायचा आणि त्याची तारीख ठरवायची, हे काम अशा ४५ भागांसाठी झालं."

दुसरी पाटी वाचून माणूस वाकून पान बघतो. पहिली वाचून पुढे जातो.

कन्नड पाटी लावाच. गावातली निम्मी शाळकरी मुलं कन्नड माध्यमातली असतात, शेजारी कन्नड बोलणारे असतात, आणि त्यांनाही हे कागद बघायचे असतात. मराठी वाक्याचं शब्दाला शब्द कन्नड करू नका. दोन्ही भाषांत वावरणारे शिक्षक गाठा, त्यांना वस्तू दाखवा आणि त्यांच्या कन्नडमध्ये लिहू द्या. बाहेरच्या फलकावर कन्नड किती आणि कसं हवं याचे नियम आहेत. महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत, जे लागू असेल तिथे छपाईआधी विचारून परवानगी लेखी घ्या. उद्घाटनाच्या सकाळी फलक उतरवायला लागणं फार जिवाला लागतं.

८. छपाई

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधून बदलताना जोडाक्षरं फुटतात. 'खऱ्यांच्या', 'तऱ्हा', 'दफ्तर', 'श्रीमंत' हे चार शब्द एका ओळीत टाइप करून छापणाऱ्याकडून चाचणी घ्या. 'खर्यांच्या' आलं तर फॉन्ट बदलायला सांगा. कन्नडची अशीच चाचणी शिक्षकांसमोर घ्या. फाइल पीडीएफ करून द्या, दुकानात पुन्हा टाइप होऊ देऊ नका. वस्तूंच्या पाट्यांची अक्षरं २४ पॉइंटपेक्षा लहान नकोत, आणि चमकत्या फ्लेक्सपेक्षा मॅट कागद बरा, कारण ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडत नाही.

भिंतीवरचे मोठे फलक चारच, पहिल्या पायरीतल्या चार जागांचे. दारावरचा फ्लेक्स एक. तो सगळ्यात शेवटी छापायचा, तारखा आणि वेळ पक्की झाल्यावर.

९. मांडणी

मूळ कागदावर उजेड साधारण ५० लक्स. मोबाईलवरच्या मोजणीच्या ॲपने अंदाज येतो. खोली अंधारी वाटेल. दारातून आत येताच डोळे सरावायला वेळ मिळावा म्हणून सुरुवातीला मोठा फलक आणि पुढे कागद ठेवा. शोकेसमध्ये स्पॉटलाइट नको, बाहेरून ट्यूब. काच कागदाला टेकू देऊ नका. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. डांबरगोळ्या कागदाशेजारी नकोत.

जुनं पुस्तक पूर्ण सपाट उघडू नका, पाठ मोडते. दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याचे उतार करून ११०-१२० अंशांतच टेकवा आणि दर आठवड्याला पान उलटा. फलकाचा मध्य जमिनीपासून पाच फुटांच्या आसपास, शोकेसचा वरचा तळ तीन फूट. मुलांसाठी एक फळी पायाखाली ठेवा.

एक टेबल मुलांना द्या: मोडी मुळाक्षरांचा तक्ता, बोरू, काळी शाई, कोऱ्या कागदांची चळत. प्रत्येकाने आपलं नाव मोडीत लिहून न्यावं. हे टेबल मूळ कागदांपासून दहा फूट लांब.

*तपासा:* उद्घाटनाच्या आदल्या दिवशी समितीबाहेरच्या एका माणसाला एकट्याने फिरवा. तो कुठे थांबतो, कुठे न वाचता पुढे जातो हे लिहून ठेवा. न वाचलेली पाटी रात्रीत बदला.

१०. उद्घाटन

समई, उदबत्ती आणि हार दुसऱ्या खोलीत. फोटोला हार घातला की फुलांतलं पाणी शोकेसवर गळतं, आणि हळद-कुंकवाची बोटं नकळत कागदाकडे जातात. पाहुण्यांच्या हातात मूळ पत्र देऊन फोटो काढायचा आग्रह होईल. त्यासाठी आधीच एक चांगली प्रत तयार ठेवा. भाषणं बाहेर अंगणात. आत एका वेळी पंधरा-वीसच माणसं, आणि दारात एकजण रोज ठरलेला.

११. उतरवणं

सुटलेला बंद, राहिलेलं पान, हरवलेली पावती हे सगळं याच दिवशी घडतं, म्हणून शेवटच्या संध्याकाळी गडबडीत उतरवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी बसावं: एकाने पावती वाचावी, दुसऱ्याने कागद मोजावा. आलेल्या फोटोशी प्रत्येक पान ताडून बघा. नवी चीर दिसली तर लपवू नका, पावतीवर लिहा.

कागद घरी पोचवायला स्वतः जा. घरच्यांसमोर रुमाल उलगडा, पानं त्यांना मोजू द्या, मग सही घ्या. जाताना बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवलेलं वाचन, तारखेसकट, स्वच्छ छापून रुमालात कागदांच्या वर ठेवा, आणि तो त्यांच्याच हातांनी बांधू द्या.